कॅम्परची खालची फ्रेम नव्याने बांधून घ्यायचीय (४०७ चासी), नाशिकमध्ये वर्कशॉपला नेमकं काय सांगायचं?

गंगापूररोडचा_भटक्या

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी टाटा ४०७ आहे, मागे सँडविच पॅनेलची केबिन बसवलेली, आत बेड, ओटा, पाण्याची टाकी वगैरे सगळं. गाडी मागच्या मालकाकडून आहे तशी घेतलेली, आरसीवर कॅम्पर म्हणूनच नोंद आहे त्यामुळे तिकडची काळजी नाही (असं मला वाटतं, चुकत असेल तर सांगा).

प्रॉब्लेम केबिनच्या खाली आहे. खालची फ्रेम ४० बाय ४० मिमीच्या स्क्वेअर पाईपची आहे आणि ती चासीच्या वरच्या पट्टीवर जागोजागी थेट वेल्ड मारून बसवलीय. हरसूलकडे आतल्या रस्त्याने गेलो की एक चाक खड्ड्यात आणि दुसरं वर अशी गाडी उभी राहिली तर मागचा दरवाजा उघडत नाही, सपाटीवर आणली की आपोआप उघडतो. आधी वाटलं बिजागरीचं काहीतरी असेल. मग ड्रायव्हर केबिनच्या मागे लागूनच जो पहिला आडवा पाईप आहे तिथे रंगाला केसाएवढी रेघ दिसली, ग्राइंडरने रंग काढला तर खाली गंजाची तांबडी रेघ, नख अडकतं एवढी. गंमत म्हणजे ही क्रॅक जिथे आधी कोणीतरी गसेट (मजबुतीची पट्टी) मारलंय त्याच्या अगदी शेजारी आहे. म्हणजे एकदा तुटली होती, पट्टी मारली, आता पट्टीच्या बाजूला तुटली.

दोन ठिकाणी दाखवून आणली. अंबडला एक जण म्हणाला सगळं कापून टाका, १०० मिमीच्या सी चॅनेलची नवीन फ्रेम करू. आडगाव नाक्याकडचा म्हणाला काही गरज नाही साहेब, अजून दोन गसेट आणि खालून पट्टी मारून देतो, संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा. दोघंही बोलायला एकदम ठाम. मला यातलं फार कळत नाही, पण पैसे एकदाच घालायचेत. कोणी असं काम करून घेतलंय का, वर्कशॉपला काय सांगायचं, काय करू द्यायचं नाही?

चॅनेल_अँगल

दादा आडगाव नाक्यावाल्याकडे जाऊ नको, एवढंच सांगून थांबलो असतो पण कारण सांगतो, नाहीतर तुला वाटेल मी अंबडचा म्हणून अंबडवाल्याची बाजू घेतोय (आहे मी अंबडचाच, फॅब्रिकेशनचंच काम करतो, पण कॅम्परचं काम घेत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक ओढायचा प्रश्न नाही).

४०७ ची चासी म्हणजे शिडी. दोन लांब मेंबर, मध्ये क्रॉस मेंबर. ती पिळायलाच बनवलेली असते. एक चाक वर गेलं की सगळी शिडी थोडी पीळ खाते, पाटे (लीफ स्प्रिंग) काही घेतात, उरलेलं चासी घेते. ट्रकची फाळक्याची बॉडी पण तिच्याबरोबर थोडी हलते म्हणून चालून जातं. पण तुझी केबिन म्हणजे सहा बाजूंनी बंद पेटी, ती पिळत नाही. पिळणाऱ्या वस्तूवर न पिळणारी वस्तू वेल्ड मारून चिकटवली की मधे जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटणार. आज स्क्वेअर पाईप तुटलाय. तू तो मजबूत केलास तर उद्या पॅनेलचे कोपरे सुटतील, नाहीतर चासीच फाटेल, आणि ते सगळ्यात वाईट.

गसेटच्या शेजारी क्रॅक का आली याचं उत्तर पण हेच. पट्टी मारली तिथे फ्रेम कडक झाली, मग पट्टी जिथे संपते त्या रेघेवर सगळा ताण जमा. अजून पट्टी मारलीस तर क्रॅक अजून दोन इंच पुढे सरकेल.

तुझा दरवाजा अडकतो ना, तो तुला फुकटात सांगतोय की चासीचा पीळ थेट केबिनमध्ये जातोय. नवीन फ्रेम कितीही जाड केली आणि परत वेल्डच मारली तर दरवाजा अडकतच राहणार.

म्हणून अंबडवाल्याला पण विचार, नवीन फ्रेम चासीला धरणार कशी? १०० चं चॅनेल हे उत्तर नाही, ते फक्त मटेरियल झालं. १०० चॅनेलचं वजन मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास, ७५ चं सात किलोच्या आसपास, ४० बाय ४० बाय ३ चा पाईप साडेतीन पण नाही. म्हणजे उगाच सगळीकडे १०० लावलं तर शंभरेक किलो फ्रेममध्येच गेले, तेवढं पाणी नेलं असतंस.

आणि एक, चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला ना वेल्ड, ना भोक. भोक पाडायचंच असेल तर उभ्या बाजूला, तेही कंपनीची भोकं आधीच असतील ती वापरून. हे सगळ्या ट्रक कंपन्या बॉडी बिल्डरला लिहून देतात, वाचत कोणी नाही हा भाग वेगळा.

एमएच१५_ट्रान्सपोर्ट

चॅनेल भाऊ बरोबर बोलले पण पुढचं सांगितलंच नाही, मी सांगतो. आमच्या गाड्या द्राक्षाच्या सीझनला दिंडोरी पिंपळगावकडच्या वाड्यांवर जातात, तिकडचे आतले रस्ते माहितीच आहेत, त्यामुळे बॉडी चासीवर कशी बसवायची यात आमचे केस पांढरे झाले भो.

बंद बॉडीसाठी तीन प्रकार बघितलेत. एक, तीन पॉइंटवर, दोन बाजूला आणि एक मधे पिव्होट (फिरणारा सांधा). दुसरा चार पॉइंटचा, पत्त्यातल्या चौकटच्या एक्क्यासारखा, पुढे एक मागे एक पिव्होट आणि बाजूला दोन. तिसरा, मागे घट्ट आणि पुढे स्प्रिंगवर. युनिमॉगसारखी (मर्सिडीजचा ऑफरोड ट्रक) चासी फारच पिळते तिकडे पहिले दोन लागतात. तुझी दहा-अकरा फुटाची केबिन असेल, तू हरसूल जव्हार करतोस, काही डोंगर चढवत नाहीस, तर तिसरा प्रकार घे. पिव्होटमध्ये सगळं वजन तीन-चार जागी येतं, त्या जागी चासीला आतून मजबुती द्यावी लागते, बुश घासतात, ग्रीस लागतं, आणि बनवणारा चुकला तर केबिन एका बाजूला झुकून राहते. स्प्रिंगवाल्यात सबफ्रेमचं (म्हणजे केबिनखालच्या फ्रेमचं) लांब चॅनेल चासीवर पूर्ण टेकून बसतं, वजन पसरतं, आणि चासी पिळली की पुढच्या बाजूला एका साइडने चॅनेल चासीपासून थोडं उचलतं, खाली आलं की परत बसतं. साधं आहे, बिघडायला काही नाही.

मागचा भाग घट्ट म्हणजे काय, तर मागच्या एक्सलच्या आसपास दोन्ही बाजूंना जाड प्लेट, चासीच्या उभ्या बाजूला बोल्टने, वर सबफ्रेमला. बोल्ट ८.८ ग्रेडचे (मजबुतीचा आकडा), डोक्यावर छापलेलं असतं, नसेल तर परत कर. द्वारका सर्कलच्या आसपास कुठल्याही मोठ्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतात.

लांब चॅनेलचं पुढचं टोक सरळ कापून सोडू नकोस. तिरकं कापून निमुळतं करायला सांग आणि ड्रायव्हर केबिनच्या जितकं जवळ नेता येईल तितकं पुढे ने. सरळ कापलेलं टोक चासीला बरोबर एका रेघेवर मारतं, चासी तुटलेल्या जेवढ्या गाड्या बघितल्या त्यातल्या बऱ्याच तिथेच तुटलेल्या.

गंगापूररोडचा_भटक्या

बापरे, एवढं सविस्तर, धन्यवाद दोघांना. एक शंका, सगळीकडे यू-बोल्टच मारले तर नाही का चालणार? माझ्या ओळखीतल्या एकाची टेम्पो बॉडी पूर्ण यू-बोल्टवर आहे, आणि वर्कशॉपवाले पण तेच म्हणतात की यू-बोल्ट मारतो, मग वेल्ड नाही, भोक नाही, झालं.

चॅनेल_अँगल

यू-बोल्ट नुसता दाबून धरतो. कसारा घाटात उतरताना जोरात ब्रेक मारलास तर दीड टनाची केबिन पुढे सरकायला बघणार, तेव्हा तिला अडवायला फक्त घासण, त्यात रंग आणि डिझेल लागलेलं असेल तर तेही नाही. म्हणून वर ट्रान्सपोर्टवाल्यांनी सांगितलेली प्लेट लागतेच. आणि यू-बोल्ट आवळताना चासीच्या सी मध्ये आतून ठोकळा किंवा पाईपचा तुकडा ठेवावा लागतो, नाहीतर दोन्ही पट्ट्या एकमेकींकडे दबतात. तुझ्याकडे पुढे स्प्रिंग करायच्या असतील तर तिथे यू-बोल्टचा प्रश्नच नाही, चासीच्या उभ्या बाजूला ब्रॅकेट, सबफ्रेमला ब्रॅकेट, मधून लांब बोल्ट आणि बोल्टवर स्प्रिंग. स्प्रिंग कुठून आणायची तर डाय स्प्रिंग, प्रेस टूलमध्ये वापरतात त्या. सातपूर अंबडमध्ये टूलरूमचं सामान विकणाऱ्याकडे वेगवेगळ्या रंगात ठेवलेल्या असतात, रंगावरून कडकपणा कळतो. बोल्टला नायलॉकवाला नट, वर चेक नट.

बाजूला सरकू नये म्हणून पुढे दोन्ही साइडला नुसती गाइड प्लेट, ती चासीला धरायची नाही, घासत वर-खाली होऊ द्यायची. हे विसरतात लोक.

सॅक_नको_डबा_हवा

मी घरच्या कॅम्परचं असंच काम करून घेतलंय, आमची गाडी वेगळी आहे पण वर्कशॉपचे अनुभव सगळीकडे सारखेच, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे किलोच्या रेटवर काम देऊ नका. फॅब्रिकेशनवाले सवयीने किलोवर रेट सांगतात, शेड आणि गेटला ठीक आहे, पण कॅम्परला किलोवर दिलं की जेवढं जड तेवढा त्याचा फायदा आणि तुमचं नुकसान. उक्तं ठरवा, आणि ठरवताना कागदावर हातानेच का होईना चित्र काढा: लांब चॅनेल कुठून कुठपर्यंत, आडवे किती, मागच्या प्लेट कुठे, पुढच्या स्प्रिंग कुठे, कुठे वेल्ड चालेल कुठे नाही. खाली त्याची सही घ्या. आमच्या मिस्त्रीला आधी राग आला, म्हणाला ताई एवढी वर्षं काम करतोय कोणी कागद मागितला नाही, पण नंतर तोच कागद भिंतीवर चिकटवून त्याची पोरं काम करत होती.

दुसरं, काम झालं हे कसं ठरवायचं ते पण आधीच ठरवा. आम्ही असं केलं: गाडी वर्कशॉपच्या सपाट कोब्यावर, पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक अर्धा फुटाच्या ठोकळ्यांवर चढवायचं, मग मागचा दरवाजा उघडून बंद करायचा, खिडकीच्या चौकटीची दोन्ही तिरकी मापं टेपने घ्यायची, सपाटीवर घेतलेल्याशी जुळली पाहिजेत. पुढच्या बाजूला सबफ्रेम चासीपासून उचललेली दिसली पाहिजे, तिथे बोट घालू नका. ही टेस्ट झाल्यावर उरलेले पैसे. हे आधी बोललेलं असेल तर कोणी वाद घालत नाही, नंतर काढलं तर भांडण.

तिसरं, वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि नुसती गाडीची नाही, कॅम्परच्या आतली लिथियम बॅटरी, सोलरचा कंट्रोलर, इन्व्हर्टर सगळं सोडवा. आमच्या वेळी आधीच्या एका वर्कशॉपमध्ये गाडीची बॅटरी सोडवली पण सोलर तसाच राहिला, अर्थिंगचा क्लँप कुठेतरी लांब लावला होता, कंट्रोलर गेला आणि वर ऐकवलं की तो आधीपासूनच खराब असेल. तुमची ४०७ जुनी असेल तर ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) भानगड नसेल, बीएस ६ वाल्यांनी मात्र तेही सोडवायला सांगायचं. आणि लांब मेंबरच्या आतून ब्रेकचे पाईप आणि वायरिंग जातं, डिझेलची टाकी जवळ असते, ग्राइंडरच्या ठिणग्या तिकडे उडतात. ओली गोणपाटं टाकायला सांगा, उभं राहून बघा.

अजून एक, ड्रायव्हर केबिनमधून मागे जायला भगदाड असेल तर ते कडक पट्टीने जोडलेलं आहे का बघा. फ्रेम मोकळी झाल्यावर मागची केबिन आणि पुढची केबिन वेगवेगळ्या हलणार, तिथे रेक्झिन किंवा रबराचा भाता लागेल, नाहीतर फ्रेमला दिलेली मोकळीक या जोडावर अडणार.

घाटमाथा_७७

एवढं सगळं कशाला पण? चासी आणि फ्रेमच्या मधे जाड रबर टाकायचं, यू-बोल्ट आवळायचे, विषय संपला. आमच्या गावात सगळे असंच करतात. लोक यूट्यूब बघून जर्मनीच्या गाड्यांची नक्कल करतात आणि मग बिल आलं की रडतात.

एमएच१५_ट्रान्सपोर्ट

फाळक्याच्या बॉडीला चालतं दादा, ती स्वतः हलते. आम्ही पण मधे लाकडाची पट्टी टाकतो, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. पण रबर दहा-बारा मिलीचं, ते दाबून किती दबणार? दोन-तीन मिली. केबिनच्या पुढच्या कोपऱ्यात चासी पिळून त्याच्या कितीतरी पट वर-खाली होते. तेवढा फरक रबर पचवू शकत नाही. बंद पेटी आणि उघडी बॉडी यात फरक आहे, बाकी तुमचं बरोबर की उगाच जर्मन नक्कल नको, म्हणूनच मी पिव्होट नको म्हणालो.

एक राहिलं, चासीच्या वर रिव्हेटची डोकी असतात. लांब चॅनेल त्यावर बसलं तर डोक्यांवर टेकतं आणि बाकी हवेत. मधल्या लाकडाच्या पट्टीला (चासीच्या नाही) तेवढ्या खाचा घे.

आरसी_बघून_घ्या

आरसीवर कॅम्पर आहे म्हणजे काळजी नाही असं लिहिलंय त्यावर थोडं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण हे कडकपणे सांगितलंय. तुम्ही तीच केबिन, तीच उंची ठेवून खालची फ्रेम बदलताय, ही दुरुस्ती म्हणून बघितली जाईल असं मला वाटतं, पण फ्रेम उंच झाली आणि गाडीची एकूण उंची बदलली, किंवा रिकामं वजन आरसीवर लिहिलंय त्यापेक्षा लक्षणीय वाढलं तर पेठ रोडच्या आरटीओत जाऊन विचारून ठेवा, काम झाल्यावर नाही, आधी. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं स्टँडर्ड आहे, तुमची गाडी कशात बसते ते आरसीवरच्या बॉडी टाइपवरून कळेल. इन्शुरन्सवाल्याला पण एक मेल टाका, जुन्या-नव्या फ्रेमचे फोटो जोडून. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर खाली वाकून बघतोच.

आणि काम झाल्यावर वजनकाट्यावर न्या, नुसतं एकूण वजन नको, आधी पुढचा एक्सल काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग मागचा. पाणी, डिझेल, माणसं, गॅस सगळं भरून. पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या मागे असेल तर पुढचा एक्सल हलका होतो, स्टिअरिंग तरंगतं, फ्रेम करतानाच टाकी पुढे सरकवायची संधी आहे.

गंगापूररोडचा_भटक्या

अपडेट देतो. अंबडवाल्याकडेच दिलं, पण कागद काढून, उक्तं ठरवून आणि ठोकळ्याची टेस्ट लिहून घेऊन. आधी नाखूश होता, मग स्वतःच म्हणाला की पुढची ब्रॅकेट कापायला लेझरवाल्याकडे देऊ म्हणजे चारही सारखी येतील. सिंहस्थाच्या कामांमुळे सगळे बिझी आहेत, तारीख पुढे ढकलत होता, पण गाडी आत घेतली एकदाची.

केबिन चार जॅकवर उचलली, खालची जुनी फ्रेम वेल्ड कापून काढली. चासीच्या वरच्या पट्टीवर जुने वेल्ड ग्राइंड केल्यावर त्याने डीपी टेस्ट (बारीक क्रॅक शोधायची) केली, मी पहिल्यांदाच बघितली. लाल रंगाचा स्प्रे मारला, थोडा वेळ ठेवून पुसला, मग पांढरा स्प्रे, आणि दोन मिनिटात पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटून आली, डाव्या बाजूला, जुन्या वेल्डच्या टोकाला. अंगठ्याएवढी लांब. उजवीकडे काही नाही. ग्राइंड करून नुसत्या डोळ्याने तिथे काहीच दिसत नव्हतं.

आता तो म्हणतो वेल्ड मारून वर जाड पट्टी मारतो. चॅनेल भाऊ, चासीला वेल्ड नको म्हणालात ना?

चॅनेल_अँगल

बॉडी धरायला वेल्ड नको. क्रॅक आहे ती बुजवायला वेल्डच लागणार, दुसरा इलाज नाही. पण असं करायला सांग: रेघेच्या टोकाला आधी बारीक भोक, म्हणजे क्रॅक पुढे पळणार नाही, टोक कुठे आहे ते त्याच लाल स्प्रेवरून कळेल. मग व्ही खाच काढून पूर्ण आरपार वेल्ड, ७०१८ चा (लो हायड्रोजन) वेल्डिंग रॉड असेल तर ओव्हनमधून काढलेला कोरडा, उघड्या पाकिटातला नको. मिग (वायरचं वेल्डिंग) असेल तरी चालेल. वेल्ड ग्राइंड करून सपाट, परत डीपी. आणि त्याची जाड पट्टी वरच्या बाजूला अजिबात नको, तिथे परत तेच होणार, गसेटच्या शेजारी क्रॅक. पट्टी मारायचीच तर उभ्या बाजूला, दोन्ही टोकं निमुळती कापलेली, आणि बोल्टने.

क्रॅक खालच्या पट्टीला असती तर मी म्हणालो असतो कंपनीच्या माणसाला दाखव. वरच्या पट्टीला, अंगठ्याएवढी, एवढ्यावर सापडली हे बरं झालं.

सॅक_नको_डबा_हवा

रंगाचं बोललात का त्याच्याशी? स्क्वेअर पाईप कुठे वापरणार असेल तर त्याची टोकं बंद करून खाली पाणी निघायला भोक ठेवायला सांगा, बंद पाईप आतून गंजतो आणि बाहेरून छान दिसतो. हॉट डिप गॅल्व्हनाइझ करायचा विचार असेल तर हवा जायला भोकं लागतातच, बंद पाईप साडेचारशे डिग्रीच्या जस्तात बुडवला तर फुटतो. आम्ही गॅल्व्हनाइझ टाळलं कारण फ्रेम वाकायची भीती, झिंक प्रायमर आणि वर एपॉक्सी केलं.

गंगापूररोडचा_भटक्या

सगळं चॅनेलचंच करतोय, पाईप नाही. प्रायमरचं सांगतो त्याला. मागच्या प्लेटचे बोल्ट किती आवळायचे? तो म्हणतो हाताला कळतं.

एमएच१५_ट्रान्सपोर्ट

त्याच्या हाताला कळत असेल, तुला नंतर कसं कळणार की सैल झाला? एम १२ चा ८.८ असेल तर ८० न्यूटन मीटरच्या आसपास, टॉर्क रेंच टायरवाल्याकडे पण मिळेल. आवळल्यावर नटावरून प्लेटवर पेंटने एक रेघ ओढ, सरकला की दिसतं. पहिला मोठा फेरा मारून आलास की सगळे परत बघ, नवीन रंग दबून बोल्ट थोडे सैल होतातच. स्प्रिंगवाले मात्र आवळून स्प्रिंग पूर्ण दाबू नकोस, वेटोळी एकमेकांना टेकली की ती स्प्रिंग राहिली नाही.

गंगापूररोडचा_भटक्या

ओके. शनिवारी ठोकळ्यावर चढवतोय, फोटो टाकतो.

घाटमाथा_७७

टाक फोटो, बघू तुझी जर्मन गाडी.